साडूभाऊंचं आसामी चॅनल

“दिसी ऱ्हायनं का?”

पत्र्यावर धाडधाड पावलं वाजली, कबुतरं उडाली आणि शेजारच्या अंगणात वाळत्या मिरच्या राखत पेंगणारी म्हातारी दचकून उठून बसली.

“नही!” घरातून तीन बायका एका सुरात ओरडल्या.

“आते?”

“मुंग्या शेतस!”

“आते दखा!”

“आवाज येस, तोंड नही!”

“तोंड मन्हंच शे! उतरीसन दखाडू का?”

वर पत्र्यावर बोंबलणारे हे गृहस्थ माझे साडूभाऊ. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे यजमान, आणि शहाद्याच्या आमच्या केबल चॅनलचे मालक, संपादक, वार्ताहर, निवेदक आणि वायरमन. त्यांच्याविषयी एकच विधान पुरेसं आहे: तापीच्या दोन्ही काठांवर असं एकही छप्पर उरलेलं नाही, ज्याला या माणसाचा पाय लागलेला नाही. कौलारू, पत्र्याचं, धाब्याचं, देवळाचं, पोलीस लाइनीचं, सगळी छपरं त्यांना नावानिशी ओळखतात. मी शाळामास्तर असताना जनगणनेच्या कामाला गेलो, तेव्हा आक्कांनी मला सरळ शिडी दाखवली. मीही इमानदारीत वर चढून माहिती लिहून घेतली. खाली उतरेपर्यंत ते पुढच्या गल्लीच्या गच्चीवर पोचले होते आणि तिथल्या गुरुजींनी त्यांना पुन्हा एकदा मोजलं. आपल्या तालुक्याची लोकसंख्या कागदावर थोडी जास्त दिसते ती त्यामुळे.

या माणसाला बसलेलं कोणी पाहिलेलं नाही. जेवण उभ्यानं, चहा चालताना, दाढी शिडीवर. आक्का म्हणतात, “ह्या मानुसना पाय जमीनवर टेकतसच नही. याले घोड्यासारखं उभ्याउभ्या झोप येस.” त्यांच्या लग्नाला मी हजर होतो. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, समोर नवरी मान खाली घालून उभी, आणि साडूभाऊंनी तिला पहिला प्रश्न विचारला तो हाच: “दिसी ऱ्हायनं का?” आक्कांनी त्यावर काय उत्तर दिलं ते दोघांपैकी कोणीही सांगत नाही. मात्र तेव्हापासून आजतागायत घरात आक्कांचा शब्द शेवटचा आहे.

बातम्यासुद्धा ते उभ्यानंच सांगत. सांगत म्हणजे काय, भांडत. कॅमेरा तिकाटण्यावर एका जागी, आणि हे पिठाच्या गिरणीवरच्या चॅनलच्या खोलीत येरझारा घालणार. पडद्यावर डावीकडून एक माणूस यायचा, “आज लाईट दुपारले जाई ऱ्हायनी” म्हणायचा, उजवीकडून निघून जायचा. मग नुसती भिंत आणि भिंतीवरची पाल. पाल बघत आम्ही बातमीचा उरलेला भाग ऐकायचो. पण बातम्या मात्र अशा, की बाकीच्या सगळ्या चॅनलांनी मिळून झक मारावी. कोण गेलं, त्यांना किती वाजता नेणार, श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट कोणाकडे आहेत, पाण्याचा टँकर कुठे फसलाय. आणि सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे हरवलेली जनावरं. “भुऱ्या रंगनी म्हैस हारपेल शे. शिंगे वाकडा, सभाव गरीब. नाव घीसन हाक मारी तं कान हलावस.” एवढं ऐकल्यावर म्हैस कशी राहील हरवलेली? एक तर बातमी संपायच्या आत स्वतःच्या पायानं घरी आली. बहुतेक तिनंही ऐकली असावी.

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचं त्यांनी केलेलं थेट प्रक्षेपण तर अजून सांगितलं जातं. सगळं सुरळीत चाललं होतं, पण साडूभाऊंनी कॅमेऱ्याची वायर मोकळी लोंबू नये म्हणून जवळ जे काही खांबासारखं उभं दिसलं त्याला बांधली, आणि ते एका उमद्या पांढऱ्या घोड्याचं मागचं तंगडं निघालं. वायर तुटेपर्यंत शहाद्यानं घोडेबाजार घोड्याच्या नजरेनं आणि घोड्याच्याच वेगानं पाहिला. त्यातल्या त्यात पाठीमागून जीव तोडून पळणारे साडूभाऊ सलग दिसत राहिले. एवढा वेळ ते चौकटीत कधीच टिकले नव्हते.

तेव्हाचा काळ मुंग्यांचा होता. नव्या मंडळींना सांगायला हवं: पूर्वी चित्र नीट पकडलं गेलं नाही की पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचं वारूळ फुटायचं, त्याला मुंग्या म्हणत. आमच्याकडे वायर लिंबाच्या झाडांवरून यायची, त्यामुळे वारा सुटला की मुंग्या, खार धावली की मुंग्या, खारीनं दात लावले की मुंग्याच मुंग्या. पण मुंग्यांतूनही माणूस दिसायचा. सारंगखेड्याला आमची दोघांची सासू राहते. तिला आम्ही सगळेच माय म्हणतो. पार नदीकाठचं शेवटचं घर, म्हणजे वायरही शेवटची आणि मुंग्याही सगळ्यांत जास्त. त्यात मायची नजर अधू. तरी साडेसहाला खाट टीव्हीच्या पुढ्यात ओढून ती बसायची आणि त्या वारुळात एक सावली डावीकडून उजवीकडे हलली, की समाधानानं म्हणायची, “ऊनात जवाई,” आले जावई. मी एकदा विचारलं, माय, तुला यात काय दिसतं? तर म्हणाली, “दिसाले कसाले पाहिजे? चालस कसा, बोलस कसा, त्यावरतून मानूस वळखू येस.”

मायचं सगळं आयुष्य अहिराणीत गेलं. आमची पुस्तकातली मराठी तिला कळते, पण तिच्या लेखी ती कचेरीची बोली. “‘आहे’ म्हननारा घरमा ऊना म्हंजे कागद ऊना,” असं तिचं मत. तलाठी ‘आहे’ म्हणतो, बँकेतला साहेब ‘आहे’ म्हणतो, दवाखान्यातला डॉक्टर जास्त काही असलं की ‘आहे’ म्हणतो. घरात दिवसभर तिच्याशी बोलायला कोणी नसतं. मुलगा, सून शेतात, नातवंडं सुरतेला. तिच्यासाठी ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारा एकच जण रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घरात यायचा, आणि तो टीव्हीतून यायचा. ती त्याला उत्तरंही द्यायची. “लाईट जाई ऱ्हायनी” म्हटलं की “जाऊ दे भो,” असं.

मग डिजिटल आलं. घरोघरी डबे बसले, चित्र आंघोळ घातल्यासारखं स्वच्छ झालं. पुरुषोत्तमनगरच्या वसाहतीत एका बाईनं डब्याला हळदकुंकू लावलं आणि ते नेमकं रिमोट ज्या बारीक काचेवर रोखायचा तिथंच लावलं. साडूभाऊ तीनदा छपरावर जाऊन आले तेव्हा ते उमगलं. त्यांना स्वतःला मात्र डबा कधी पटला नाही. म्हणायचे, “मास्तर, मुंग्या येत तं निदान मानूस आत शे हाई तं कळे. हाऊ डब्बा एक तं सगळं दखाडस, नहीतं काळा पडदा करीसन सांगस, सिग्नल नही.” आणि डब्याबरोबर मालकी गेली. आता सगळी चॅनलं धुळ्याच्या एका मोठ्या कंपनीच्या यंत्रातून यायची. साडूभाऊंचं चॅनलसुद्धा शहाद्याहून धुळ्याला जायचं आणि धुळ्याहून परत शहाद्याला यायचं. आपल्याच ओट्यावर यायला तालुक्याबाहेरून वळसा! कंपनीच्या माणसानं समजावलं, काका, वायर आमची, डबा आमचा, नंबर आमचा. साडूभाऊ म्हणाले, “बरोबर शे. पन हारपेल म्हैस आमनी शे ना, भो?”

पूर्वी केबलच्या धंद्याची नोंदणी पोस्टात व्हायची. दर वर्षी साडूभाऊ पेढे घेऊन पोस्टमास्तरांकडे जायचे. पोस्टमास्तर विचारायचे, “धंदा चालू आहे ना?” हे म्हणायचे, “चला, दखाडतो,” आणि त्यांना हाताला धरून पोस्टाच्याच छपरावर न्यायचे. एका पोस्टमास्तरांनी बदली मागून घेतली. पुढे नोंदणी ऑनलाइन झाली आणि पाठोपाठ कंपनीनंही प्रत्येक स्थानिक चॅनलकडून एक ऑनलाइन फॉर्म मागवला. फॉर्म भरायला अर्थातच मी. सगळा जन्म मराठी शिकवण्यात घालवलेला माणूस घरात असताना बाहेर कशाला जायचं? मी संगणकापुढे बसलो, साडूभाऊ माझ्या खुर्चीभोवती प्रदक्षिणा घालू लागले. मालकाचं नाव, झालं. पत्ता, झाला. मग आली भाषा. तिथं लिहायचं नव्हतं, यादीतून निवडायचं होतं.

“अहिराणी टाका,” साडूभाऊ म्हणाले.

“यादीत नाही.”

“नीट दखा.”

“नाही हो. मराठी आहे. मराठी टाकू?”

“मन्हं चॅनल मराठी शे? मंग तुम्हले शाळामा मन्ह्या वह्या लाल कसाले करना पडत?”

साडूभाऊ सातवीत असताना मी त्यांच्याच शाळेत नवा मास्तर होतो आणि त्यांच्या प्रत्येक ‘शे’वर मी काट मारलेली होती. मी हळूच म्हणालो, “मग ‘इतर’ टाकू या. शेवटी आहे.”

प्रदक्षिणा थांबली. “इतर? तापीकाठले आम्ही, आनि आम्ही इतर? इतर त्या धुळावाला! मास्तर, यादीमा ‘अ’ना जवळपास काय शे?”

मी पाहिलं. “आसामी.”

“तेच दाबा. पहिलं अक्षर तं जवळजवळ जुळस.”

मी दाबायला नको होतं. पण प्रदक्षिणा पुन्हा सुरू झाली होती, मला घेरी येत होती, आणि खरं सांगायचं तर पुढे काय होतं ते बघायची मलाही खाज होती.

झालं ते असं. पुढच्या आठवड्यात साडूभाऊ मराठी चॅनलांच्या रांगेतून गायब झाले. गावात हाहाकार उडाला. कोणी म्हणे धरून नेलं, कोणी म्हणे पत्र्यावरून पडले. शेवटी एका टपरीवाल्यानं रिमोट दाबत दाबत थेट आसामपर्यंत मजल मारली आणि दोन आसामी चॅनलांच्या मधोमध, आठशे सव्वीस नंबरावर, साडूभाऊ येरझारा घालताना सापडले. तेव्हापासून अख्खा तालुका संध्याकाळी आसामात जाऊ लागला. लोक पाच-दहा मिनिटं आधीच जायचे, जागा धरायला. बायकांना शेजारच्या आसामी मालिकेतली सासू कोण, सून कोण आणि विष कोणाच्या दुधात आहे हे पाठ झालं. एका वरातीत तरुण पोरांनी कंबर अशी काही लववली की वाजंत्रीवाला गडबडला, नाच कुठला तेच त्याला कळेना. नवापूरहून एका कोंबडीवाल्याचा फोन आला: जाहिरात द्यायची आहे, पण आसामात माल पोचवायचा कोणी? मायला मात्र काही फरक पडला नाही. ती म्हणाली, “जवाई नवा बंगलामा ऱ्हावाले गयात वाटतं. शेजार चांगला शे, गाना-बजाना करतस.”

हे असंच चाललं असतं. पण एक दिवस कंपनीचा साहेब आला. कोवळा, सभ्य, हातात टॅब, बुटांना आमची धूळ लागू नये म्हणून टाचा उचलून चालणारा.

“काका, तुमचं चॅनल आसामी भाषेत नोंदलेलं आहे.”

“शे ना.”

“तुम्ही आसामी बोलता?”

“चहा लेतस का?”

साहेब गोंधळला. “हे आसामी आहे?”

“बोली अठली शे. पन चहा आसामनाच शे.”

साहेब हसला. हसून झाल्यावर त्यानं जे सांगितलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पंधरा दिवसांत भाषा दुरुस्त केली नाही तर चॅनल काढून टाकणार. ‘इतर’ केलं तर चॅनल जिवंत राहील, पण ते साध्या पॅकेजात दिसणार नाही. मायचा डबा साध्या पॅकेजाचा, गावातले निम्मे डबे तसेच. आणि ‘मराठी’ केलं तर सगळ्या घरांत दिसेल, चांगला वरचा नंबर मिळेल, पण मग बातमीपत्र मराठीतच हवं. महिन्याला एक नमुना कंपनी तपासणार. “पुस्तकात असते तशी मराठी, काका. आणि कृपया खुर्चीत बसून.”

त्यानंतर साडूभाऊ इतके चालले, इतके चालले, की त्यांच्या चपलांचे अंगठे झिजून नुसते तळवे उरले. सकाळी प्रकाशा, दुपारी नंदुरबार, संध्याकाळी पुन्हा माझ्या ओट्यावर. “बंद करी टाकू, मास्तर. मराठीवाला व्हवापेक्षा बंद बरं.” दुसऱ्या दिवशी: “‘इतर’ लिखा.” दुपारी: “नका लिखू.” आक्का म्हणाल्या, याला एखाद्या खांबाला बांधा. पण ते खांबासकट हिंडले असते. असे तेरा दिवस गेले. चौदाव्या दिवशी आम्ही दोघं मायकडे गेलो. तिच्यापर्यंत काहीतरी पोचलं होतं.

“जवाई, तुम्हनं ते बंद व्हनार शे म्हने?”

साडूभाऊ खाटेभोवती येरझारा घालू लागले.

“मंग सांजले मन्हासंगे बोलनार कोन?”

आणि मग मी ते पाहिलं. साडूभाऊ बसले. मायच्या खाटेच्या कडेला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, चांगली पाच मिनिटं. मला त्यांची भीतीच वाटली. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “मास्तर, माले ‘आहे’ शिकाडा.”

मी कंपनीकडून नमुन्यासाठी आठ दिवस वाढवून घेतले आणि शिकवलं. सगळी हयात ज्यांना शिकवलं त्यांतला हा सर्वांत वाईट विद्यार्थी आणि सर्वांत कष्टाळू. पहिल्या दिवशी त्यांची जीभ ‘शे’ सोडायलाच तयार नव्हती. ती ‘आहे’ घ्यायची आणि ‘शे’ही ठेवायची: “आज तालुक्यात कडक ऊन आहे शे.” चॅनलला मराठीत वाहिनी म्हणतात हे मी सांगितलं, ती त्यांनी वहिनी करून टाकली. “आपली लाडकी वहिनी पाहत राहा,” असं गिरणीवरून मोठ्यानं घोकत असताना खाली दळण घेऊन उभ्या आक्कांनी ऐकलं. त्या तशाच पिठाच्या डब्यासह वर आल्या. “कोनती वहिनी? कोन दखी ऱ्हायना तिले?” मला मध्ये पडून शब्दाची व्युत्पत्ती सांगावी लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच व्युत्पत्तीनं कोणाचा तरी जीव वाचवला.

शेवटी नमुन्याचा दिवस उजाडला. अंगात माझा निरोपसमारंभाचा कोट. त्यांना खुर्चीत बसवून मी त्यांचा डावा पाय केबलच्या वायरीनं खुर्चीच्या पायाला बांधला, हे कंपनीला अजून माहीत नाही. कॅमेरा सुरू झाला आणि साडूभाऊ हलले नाहीत. “नमस्कार. आपण पाहत आहात आपली स्थानिक वाहिनी.” एकही चूक नाही. “करड्या रंगाची म्हैस हरवली आहे. शिंगे वक्र असून स्वभाव शांत आहे. नावाने हाक मारल्यास कान हलवते.” मी दहापैकी दहा दिले. म्हशीचा मालक शेजारीच उभा होता, त्यानं ऐकून विचारलं, “कोनी म्हैस हारपनी?”

कंपनीनं लगेच पास केलं. भाषा मराठी झाली, वरचा नंबर मिळाला. पहिलं बातमीपत्र मायबरोबर बघायचं म्हणून आम्ही दुपारीच रेकॉर्ड करून सारंगखेड्याला गेलो. साडेसहाला मायनं खाट ओढली. साडूभाऊंना घरात बसवेना. वायर बघतो म्हणाले आणि शिडी लावून पत्र्यावर गेले. बघायला काही नव्हतं, वायर ठीक होती. पडदा उजळला. मुंग्या नाहीत, कोटाची बटणंसुद्धा मोजता यावीत इतकं स्वच्छ चित्र. खुर्चीत ताठ बसलेला माणूस सावकाश, स्पष्ट, निर्दोष बोलत होता. मी मायच्या तोंडाकडे पाहत होतो. तिनं पदर सावरून घेतला, घरात परका आल्यावर सावरतात तसा.

पत्र्यावर पावलं वाजली.

“माय! दिसी ऱ्हायनं का?”

मायनं डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. मग मान वर करून म्हणाली, “दिसी ऱ्हायनं, जवाई. पन हाऊ कोन शे?”